हेल्मेट: डोकं माझं, पण निर्णय फक्त माझाच का?



जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियमबदलाचा एक मसुदा जाहीर केला. त्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी होत्या. एक, १ जानेवारी २०२६ पासून तयार होणाऱ्या दुचाकींना एबीएस ब्रेक. दोन, नवीन दुचाकीसोबत एक नव्हे, दोन हेल्मेट. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांच्या मुख्यालयातून आदेश निघाला होता की गाडी चालवणाऱ्यासोबत मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातलं नसेल तर कडक कारवाई करा.

दोन्ही वेळी आमच्या नांदेड-लातूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रतिक्रिया एकच होती. "डोकं आमचं, गाडी आमची, पेट्रोल आमच्या पैशाचं. सरकारच्या पोटात का दुखतंय?"

मी मूळचा नांदेडचा. इंजिनिअरिंग तिथेच केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. म्हणजे हेल्मेटसक्तीला कडाडून विरोध करणाऱ्या शहरात राहतो आणि सक्ती फारशी कुणी मनावर न घेणाऱ्या शहरात सुट्टीला जातो. दोन्हीकडे वाद एकाच वाक्यावर येऊन थांबतो: "माझी पर्सनल चॉइस आहे."

या वाक्याची टिंगल करून पुढे जाणं सोपं आहे, पण त्यात थोडं खरंही आहे. म्हणून आज आपण ते नीट उघडून बघू. हेल्मेट आतून काय काम करतं, कुठे कमी पडतं, दुकानात खरं-खोटं कसं ओळखायचं आणि 'चॉइस' नेमकी कुणाची, हे सगळं.

आधी बर्फात जाऊन येऊ

हाच वाद जगात दुसऱ्या एका ठिकाणी फार जोरात चालतो. अमेरिका आणि कॅनडाच्या डोंगरांत लोक स्नोमोबाइल नावाची बर्फावर चालणारी गाडी घेऊन रानोमाळ फिरतात. तिथे रस्ता नसतो, सिग्नल नसतो, पोलीस तर नसतोच. धोका असतो हिमस्खलनाचा, म्हणजे डोंगरउतारावरचा बर्फाचा थर सुटून अंगावर येण्याचा.

त्यापासून वाचायला तीन-चार वस्तू असतात. पहिली म्हणजे बीकन. छातीला बांधायचं हे छोटं यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल देत राहतं. सोबत बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी आणि खोदायचं फावडं. चौथी वस्तू महागडी आहे, ती म्हणजे एअरबॅगची पाठपिशवी. बर्फ सुटला की हँडल ओढायचं, पिशवी फुगते आणि माणूस बर्फाच्या वरच्या थरात राहण्याची शक्यता वाढते.

गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक वेळा तो वाचतो. अर्धा तास उलटला की शक्यता झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरून मदत येणं जवळपास अशक्य असतं. वाचवतो तो सोबतचा मित्र.

आता बीकनची गंमत बघा. माझ्या छातीवरचं बीकन माझ्या मित्राला उपयोगी पडतं, कारण मी गाडला गेलो तर तो मला शोधणार. आणि त्याच्या हातातलं बीकन मला उपयोगी पडतं. म्हणजे वस्तू प्रत्येकाची स्वतःची असली तरी काम सगळ्यांचं मिळून करते. म्हणूनच कायद्याची सक्ती नसलेल्या ठिकाणीही जाणत्या ग्रुपमध्ये निघण्याआधी प्रत्येकाचं बीकन चालू आहे का ते तपासतात. नसेल तर सोबत नेत नाहीत. तिथे चॉइस आहे, पण मित्रांनाही चॉइस आहे.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडचे आकडे

केंद्र सरकारच्या 'भारतातील रस्ते अपघात २०२२' या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. त्यात ७४,८९७ लोक दुचाकीवरचे होते. शंभरातले जवळपास ४४ ते ४५.

त्याच अहवालात अजून एक आकडा आहे. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक त्या वर्षी दुचाकी अपघातांत मरण पावले. त्यातले ३५,६९२ गाडी चालवणारे होते आणि १४,३३७ मागे बसलेले.

इथे एक काळजी घेऊ. ५०,०२९ लोक 'हेल्मेट नव्हतं म्हणूनच' गेले, असा याचा अर्थ काढता येत नाही. त्यातल्या काहींच्या छातीला किंवा पोटाला मार लागला असेल, ते हेल्मेट घालूनही वाचले नसते. मग हेल्मेटने फरक किती पडतो? जगभरातले अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आढावा प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते.

म्हणजे हेल्मेट हे अमृत नाही. पण एवढा फरक पाडणारी आणि हजार-पंधराशे रुपयांत मिळणारी दुसरी वस्तू दुचाकीवाल्याकडे नाही.

हेल्मेट आतून काय करतं?

बऱ्याच जणांना वाटतं की हेल्मेट म्हणजे कडक कवच, जेवढं कडक तेवढं भारी. हे अर्धंच खरं आहे. बाहेरचं कवच मार पसरवतं आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. खरं काम करतो आतला थर्माकोल. तोच, टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, फक्त जास्त दाट आणि मोजूनमापून बनवलेला.

डोकं जोरात येऊन अचानक थांबलं की मेंदूला मार बसतो. किती अंतरात थांबलं, यावर सगळा खेळ असतो. आपण साधं गणित करू.

समजा तुमचं डोकं दीड मीटर उंचीवर आहे आणि तुम्ही आडवे पडलात. जमिनीवर आदळताना डोक्याचा वेग ताशी साधारण १९-२० किलोमीटर असतो. गाडी उभी असली तरी! आता डोकं हेल्मेटशिवाय डांबरावर आदळलं आणि समजा ३ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट झटका बसतो. तेच डोकं थर्माकोल दाबत दाबत २५ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर झटका ६० पटीच्या आसपास येतो. म्हणजे काही मिलिमीटर जास्तीच्या जागेत झटका आठ पटींनी कमी झाला. हे अंदाजे गणित आहे, पण तत्त्व हेच.

यातून तीन गोष्टी आपोआप कळतात.

एक, "गल्लीतच तर जायचंय" या वाक्याला अर्थ नाही. डोकं आदळण्याचा वेग मुख्यतः पडण्याच्या उंचीवरून ठरतो, आणि ती उंची गल्लीतही तेवढीच आहे.

दोन, दाबला गेलेला थर्माकोल परत फुगत नाही. जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी त्याचं काम झालेलं असतं. ते बदलायचंच. मित्राचं जुनं, पडलेलं हेल्मेट फुकट मिळालं तरी घेऊ नका.

तीन, पट्टा लावला नाही तर हेल्मेट नाहीच. पडताना पहिल्या झटक्यात ते उडून जातं आणि मग डोकं आदळतं. कायद्यातही हे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेलं असावं असं लिहिलंय. चौकात मामा दिसला की डोक्यावर टेकवलेलं आणि चौक ओलांडला की आरशाला अडकवलेलं हेल्मेट हे दंडापासून वाचायचं साधन झालं, मारापासून नाही.

बर्फातल्या एअरबॅगचंही असंच होतं. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की एअरबॅग फुगली तर हिमस्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांचा मृत्युदर २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर येतो. पण त्याच अभ्यासात पाचातल्या एकाची पिशवी फुगलीच नव्हती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वेळेवर हँडल ओढता आलं नव्हतं. वस्तू पाठीवर असणं आणि ती वापरली जाणं यात अंतर आहे. आपल्याकडे ते अंतर म्हणजे हनुवटीखालचं बक्कल.

"पर्सनल चॉइस" मध्ये खरं किती?

लातूरला राहणारा माझा एक वर्गमित्र आहे. औसा रोडवरून रोज गाडीने कामाला जातो. हेल्मेट घालत नाही, आणि त्याची कारणं तो लपवत नाही.

"मे महिन्यात इथं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असतंय. त्यात ते डबडं डोक्यावर घालून सिग्नलला उभं राहून दाखव. केस गेले ते वेगळेच. आणि मी काय दुसऱ्याला मारतोय का? लागलं तर मलाच लागंल ना?"

एकेक मुद्दा बघू.

उकाडा खरा आहे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद हेल्मेट त्रासदायक होतं, हे नाकारून चालणार नाही. पण उत्तर 'हेल्मेट नको' असं नाही, 'हवेच्या झरोक्यांचं, धुता येणाऱ्या अस्तराचं, फिकट रंगाचं हेल्मेट घ्या' असं आहे. आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घातला तर घाम शोषला जातो आणि अस्तरही खराब होत नाही. फक्त जाड स्टोल किंवा गमछ्याचे तीन वेढे देऊन त्यावर हेल्मेट चढवू नका, ते बरोबर बसत नाही.

"हेल्मेटने मान मोडते, मागचं ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही" हेही नेहमी ऐकायला मिळतं. हेल्मेटमुळे मानेच्या इजा वाढतात असा भक्कम पुरावा कॉक्रेनच्या आढाव्यात मिळाला नाही. दिसण्याचं म्हणाल तर युरोपच्या मानकात समोरून दोन्ही बाजूंना १०५-१०५ अंश दिसायला हवं अशी अट आहे. आडवं बघायला एवढं पुरतं. काच ओरखडे पडून धुरकट झाली असेल तर दोष काचेचा, ती बदलून मिळते.

आता कळीचा मुद्दा. "लागलं तर मलाच लागंल."

वरचा आकडा परत बघा. हेल्मेटशिवाय गेलेल्या ५०,०२९ मध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. हँडल त्यांच्या हातात नव्हतं, वेग त्यांनी ठरवला नव्हता, ओव्हरटेक करायचं की नाही हेही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यात कुणाची आई असेल, कुणाची बायको, कुणाचा क्लासला निघालेला भाऊ. लातूरला आणि नांदेडला नीट-जेईईच्या क्लाससाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून हजारो पोरं-पोरी येऊन राहतात. सकाळी क्लासच्या वेळेला रस्त्यावर उभं राहून बघा. डबलसीट तर आहेच, ट्रिपल सीटही दिसेल, आणि तिघांत मिळून एक हेल्मेट दिसलं तरी नवल. चालवणाऱ्याची ती चॉइस झाली. मागच्याची कधी झाली?

लहान मुलांचं तर बोलायलाच नको. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा, मापाचं हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी. टाकीवर पुढे बसवलेलं मूल आपल्याला इतकं सवयीचं झालंय की हा नियम ऐकून लोकांना हसू येतं.

दुसरी गोष्ट खर्चाची. डोक्याचा मार म्हणजे अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया आणि त्यानंतर महिनोन् महिने सांभाळ. जगला तरी पूर्वीसारखं बोलता-चालता येईलच असं नाही. हा खर्च करायला कुणी शेत विकतं, कुणी बहिणीच्या लग्नाचे पैसे मोडतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २००० साली २१ वर्षांवरच्यांना हेल्मेटची सक्ती काढून टाकली, पण अट घातली की किमान १० हजार डॉलरचा वैद्यकीय विमा हवा. मिशिगनने २०१२ मध्ये असंच केलं, तिथे अट २० हजार डॉलरची. म्हणजे स्वातंत्र्याचा झेंडा मिरवणाऱ्या देशातही "चॉइस तुझी, तर बिल पण तुझं" असा हिशोब आहे. आपल्याकडे मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या कॅशलेस उपचारांची योजना लागू झाली आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण मग तुमच्या डोक्याचं बिल थोडं का होईना सगळ्यांनी मिळून भरायचं ठरलंय, हेही मान्य करायला लागेल.

चॉइसचा मान राखणारी एक जागा कायद्याने स्वतः ठेवली आहे आणि नांदेडकरांना ती चांगली माहीत आहे. पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला कलम १२९ मधून सूट आहे. सचखंड हुजूर साहिबच्या गावात राहणाऱ्याला याचं कारण समजावून सांगायची गरज नाही. तिथे प्रश्न श्रद्धेचा आणि ओळखीचा आहे, आणि धोका माहीत असूनही कायद्याने तो मान्य केला. "त्यांना सूट, मग आम्हाला का नाही?" असं विचारणाऱ्यांनी आपलं कारण त्या तोलाचं आहे का ते बघावं. केस विस्कटणं त्या तोलाचं नाही.

हेल्मेट आहे म्हणून सुसाट?

आता दुसऱ्या बाजूचं बोलू, कारण हेल्मेटचे प्रचारक हे सहसा सांगत नाहीत.

स्नोमोबाइलवाल्यांमध्ये एक जुनी भीती आहे: एअरबॅग पाठीवर आली की माणूस जास्त धोक्याच्या उतारावर जातो. "आता काय होतंय" असं वाटायला लागतं. एअरबॅग हिमस्खलन थांबवत नाही. तसंच हेल्मेट अपघात थांबवत नाही.

हेल्मेटची परीक्षा किती वेगाला होते माहीत आहे? युरोपच्या जुन्या २२.०५ मानकात मुख्य चाचणी सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटरची आहे. नव्या २२.०६ मध्ये त्याहून थोड्या जास्त वेगाची आणि तिरक्या माराचीही चाचणी जोडली आहे. ऐकून धक्का बसतो, पण त्यामागे तर्क आहे. बहुतेक वेळा माणूस गाडीवरून पडून घसरत जातो. तेव्हा गाडीचा वेग ८० असला तरी डोकं खाली आदळतं ते पडण्याच्या वेगाने. तिथे हेल्मेट उत्तम काम करतं.

पण समोर उभी वस्तू असेल तर गणित बदलतं. मार वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ला थेट आदळलात तर २७ च्या तुलनेत ऊर्जा जवळपास पाचपट. तेवढी पचवायला थर्माकोल पुरत नाही.

आणि उभी वस्तू म्हणजे काय, हे आपल्या भागात सांगायला नको. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता रुंद झाला, गाड्या पळायला लागल्या. गाळप हंगामात त्याच पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, आणि ऊस बाहेर आलेला. अशा ट्रॉलीवर ८० च्या वेगाने मागून गेलात तर कितीही महागडं हेल्मेट असो, भरवसा देता येत नाही. तिथे वाचवतो तो कमी वेग, चांगला हेडलाइट आणि ट्रॉलीमागे चिकटवलेला पन्नास रुपयांचा रिफ्लेक्टर. तो ट्रॉलीवाल्याच्या चॉइसचा भाग आहे, आणि जीव मात्र तुमचा जातो. चॉइस एकट्याची नसते, ती अशी.

एबीएसचा मुद्दा इथेच येतो. जोरात ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन गाडी घसरते. एबीएस चाकाचा वेग सेन्सरने मोजतं आणि ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडत-धरत राहतं, त्यामुळे चाक फिरत राहतं आणि गाडी ताब्यात राहते. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते आधीपासून सक्तीचं आहे. पण आपल्याकडे खपतात त्या १०० ते १२५ सीसीच्या गाड्या आणि स्कूटर. म्हणून लहान गाड्यांनाही एबीएस लावण्याचा हा प्रस्ताव महत्त्वाचा आहे. गाडी काही हजारांनी महाग होईल ही तक्रार खरी आहे, पण हेल्मेट पडल्यावर कामाला येतं आणि एबीएस पडूच देत नाही.

खरं हेल्मेट कसं ओळखायचं?

१ जून २०२१ पासून भारतात दुचाकीसाठी आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला दोन-तीनशे रुपयांत हेल्मेट टांगलेली दिसतात, आणि त्यांच्यावरही आयएसआयचं स्टिकर असतं. छपाई स्वस्त आहे. म्हणून हे करा:

१. हेल्मेटवर आयएसआय चिन्हासोबत 'आयएस ४१५१' हा मानक क्रमांक आणि 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का बघा.

२. मोबाइलवर 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप टाका. त्यात परवाना तपासायची सोय आहे. क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, उत्पादन आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. नाव आणि हेल्मेटवरचा ब्रँड जुळत नसेल तर दुकानदाराला तिथेच विचारा.

३. आतलं अस्तर थोडं बाजूला करा. दाट थर्माकोल दिसला पाहिजे. नुसता स्पंज आणि प्लास्टिक असेल तर ती टोपी आहे, हेल्मेट नाही.

४. घालून पट्टा लावा आणि मागून वर-पुढे ढकला. निघून आलं तर माप मोठं आहे. डोकं हलवल्यावर हेल्मेट डोक्यासोबत हललं पाहिजे. गालावर थोडं दाबल्यासारखं वाटणं चांगलं.

५. बांधकामावरची पिवळी टोपी किंवा अर्ध्या डोक्याचं फॅशनचं हेल्मेट चालणार नाही.

अजून एक, नवीन गाडी घेताना सोबत बीआयएस मानकाचं हेल्मेट देण्याची जबाबदारी आजही नियमाने गाडीच्या कंपनीवर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये ते आहे. शोरूममध्ये न लाजता मागा. ओळखीतल्या कितीतरी जणांना ते मिळालं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

व्हिएतनामचा अनुभव इथे कामाचा आहे. डिसेंबर २००७ मध्ये तिथे हेल्मेटसक्ती आली आणि थोड्याच काळात मोठ्या शहरांत जवळपास सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट दिसू लागलं. मग कळलं की त्यातली बरीचशी टोपीसारखी, निकृष्ट आहेत. सक्तीने डोकं झाकता येतं, पण दर्जाची तपासणी नसेल तर आत काय आहे ते झाकलेलंच राहतं.

फोनचा उपयोग कुठे?

बर्फात मित्राकडे बीकन असतं, आपल्याकडे फोन आहे. पाच मिनिटं काढून एवढं करून ठेवा.

फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा आणि आणीबाणी असा भाग असतो. तिथे रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्या दोघांचे नंबर भरा. ही माहिती लॉक न उघडता बघता येते. पडलेल्या माणसाचा फोन लॉक असल्यामुळे घरी कळवता येत नाही, ही नेहमीची अडचण यातून सुटते. पॉवरचं बटण ठरावीक वेळा दाबल्यावर ११२ ला फोन जाणारी सोयही चालू करून ठेवा.

काही महाग फोनमध्ये अपघात ओळखून आपोआप फोन लावायची सोय असते. ती मुख्यतः चारचाकीसाठी बनवलेली आहे. दुचाकीवर तिच्या भरवशावर राहू नका.

आणि तुम्ही बघणारे असाल तर थांबा. १०८ ला फोन करा. २०१९ च्या कायदेदुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. तुमचं नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला २०२५ पासून 'राहवीर' योजनेत २५ हजार रुपये बक्षीसही आहे. जखमीचं हेल्मेट मात्र घाईने ओढून काढू नका, मानेला धोका असतो. श्वास अडत असेल तरच, दोघांनी मिळून, मान सरळ धरून काढायचं.

मग सक्ती हवी का?

माझं मत सांगतो. सक्ती हवी, पण नुसत्या दंडावर ती टिकत नाही. केंद्राच्या कायद्यात हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन असं लिहिलेलं आहे. २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली होती, पंपचालकांच्या विरोधापुढे ती टिकली नाही. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी जोरदार मोहीम सुरू केली, तर विरोधही तेवढाच जोरदार झाला. मोहीम संपली की हेल्मेट परत आरशाला.

दंड पोलीस असेपर्यंत काम करतो. बर्फात पोलीस नाही, तरी बीकन छातीला असतं, कारण ग्रुपमध्ये तसा रिवाज आहे. आपल्याला तो रिवाज बनवता येईल. "हेल्मेट नाही? मग मी मागे बसत नाही" हे वाक्य एखाद्या मैत्रिणीने, बहिणीने, रूममेटने म्हटलं की जे होतं ते पाचशे पावत्यांनी होत नाही. मागे बसणाऱ्याची चॉइस आजवर कुणी मोजलीच नाही. ती वापरा. दुसरं हेल्मेट डिकीत किंवा हुकला ठेवा, आणि आईला गाडीवर घेताना आधी तिच्या डोक्यावर घाला.

माझ्या लातूरच्या मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघतो." मी त्याला एक सांगितलं: तू घालू नको, तुझं डोकं तुझं. पण तुझी पोरगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल, ती तुझ्या मागे बसणार आहे. तिच्या मापाचं हेल्मेट आण. मग तिच्यासमोर तू बिनहेल्मेटचा किती दिवस टिकतोस ते बघू.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, आणि तुमच्या हेल्मेटचा परवाना क्रमांक ॲपमध्ये खरा निघाला की खोटा, ते नक्की कळवा. आणि हा लेख वाचायच्या आधी एखाद्याच्या मागे डबलसीट बसणार असाल, तर त्यालाच पाठवा.